भिंतीवरचा माणूस

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायचं म्हणून सकाळपासून टेबल आवरतोय. टेबल आता इतकं चकाचक झालंय की दुसरं काही निमित्त उरलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू पहिल्यांदा "जेवलास का?" विचारतेस, आणि मग माझं सगळं बोलणं त्या जेवणापाशीच संपतं.

आधी इकडची बातमी. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना वाढवला. पेशंट बसतात त्या खोलीच्या भिंतीला माझा एखादा मोठा फोटो हवा म्हणाल्या. मी तो तलावाचा घेऊन गेलो, धुकं उठत असतानाचा, तुझ्या जेवणाच्या टेबलासमोर आहे तोच. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो झकास आहे हो. पण इथे लोक आधीच जीव मुठीत धरून बसलेले असतात. एवढं रिकामं पाणी बघून पळून जातील. एखादं माणूस नाही का यात?" एरवी माझं डोकं फिरलं असतं. त्या दिवशी हसलो आणि बघतो म्हणालो.

माणसं मी कशी टाळत आलो ते तुला माहीत आहे. लग्नं-मुंजी-वाढदिवस पोटासाठी केले, पण स्वतःसाठी जे काढलं त्यात डोंगर, पाणी, वाळलेलं गवत, मोकळे रस्ते. रस्त्यात कुणी आलं की ते जाईपर्यंत थांबायचं. माणूस आला की बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते आणि डोंगराचा नुसता पडदा होतो, हे माझं ठरलेलं भाषण तू शंभरदा ऐकलंयस. भावोजी त्यावर म्हणायचे, "तू लांबचं बघ बाबा, जवळचं बघायला आमचं दुकान आहे." तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला ते शोभायचं. आणि एका मंगळवारी ते घरातून नाहीसे झाले तेव्हा पोलिसांना द्यायला, घरात फोटोग्राफर असून, त्यांचा एक धड फोटो निघाला नाही. शेवटी तुमच्या लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढला. खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला. हा हात कुणाचा, असं इन्स्पेक्टरनं विचारलं होतं. आपल्या दोघांनाही सांगता आलं नव्हतं.

तलावाचा तो फोटो मी त्याच मंगळवारी काढला होता, हे मी कधी तुझ्यापासून लपवलं नाही. तुझा फोन आला तेव्हा मी चिखलाचे बूट धूत होतो. नंतर आपण स्टेशनं पालथी घातली, हॉस्पिटलं, लॉज, त्यांच्या जुन्या मित्रांची घरं, सगळं झालं. तलाव तेवढा राहिला. कारण तिथे मी होतो आणि मी कुणालाच पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी अकरा फोटो काढले होते. एक निवडला, बाकीचे डिस्कवर पडून होते. बाईंना माणूस हवा म्हणून ते आता उघडले. पहिला सहा बेचाळीसचा. पलीकडच्या दगडी भिंतीवर एक ठिपका आहे. मोठा केला तर कुणीतरी बसलेलं. अंगात आकाशी काहीतरी. मांडीवर बॅग, शाळेच्या बसमध्ये मुलं धरतात तशी दोन्ही हातांनी. सहा फोटोंत तो माणूस जागचा हललेला नाही.

सात वाजून गेल्यावर ऊन पाण्यावर उतरायला लागलं आणि मला भिंत रिकामी हवी झाली. हे मला नीट आठवतं. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि हातानं खूण केली, बाजूला व्हा. त्या माणसानं हात वर केला. 'हो हो, जातो' म्हणतोय असं वाटलं. भला दिसतोय, असंही वाटलं. उठला, पँट झटकली, चालू लागला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही ताई, तो गेला की नाही एवढंच बघितलं.

भिंत संपते तिथे पायवाट माझ्या बाजूला वळते. बटण चुकून दाबलं गेलं असावं, सात सतराचा एक वाकडा फोटो आहे. त्यात चेहरा दिसतो. भावोजीच आहेत, दुकानाच्या आकाशी कोटात. माझ्याकडे बघतायत. पुढच्या फोटोत पाठमोरे, सडकेला लागलेले. सडकेला, पाण्याकडे नाही. हे वाक्य पुन्हा वाच, मग पुढे वाच. सात एकोणीसचा फोटो रिकाम्या भिंतीचा. तो फोटो तू सात वर्षं रोज बघतेस.

आता जे कुणालाच बोललो नाही ते. त्याच्या आदल्या आठवड्यात भावोजी दुकानातून परस्पर माझ्याकडे आले होते. स्टुलावर बसले, चहा घेतला, बराच वेळ माझ्या लेन्सा पुसत बसले. मग म्हणाले, "तिथे एकटा उभा असतोस तर तुला कंटाळा येत नाही?" मी म्हटलं, एकटा असतो म्हणूनच येत नाही. ते म्हणाले, "मला एकदा ने की." मी म्हटलं, तुम्ही बडबड कराल भावोजी, पक्षी उडून जातील. दोघं हसलो. पुढचा आठवडाभर सकाळी तलावावर आहे, हेही मीच सांगितलं. म्हणजे ते फिरत फिरत तिथे आले नव्हते. निदान अर्धा तास ते माझ्यासमोर बसले होते, पक्षी न उडवता.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं होतं ते पुसलं, पातेलं घासून ठेवलं. त्यानंतरचे दहा दिवस जुने फोटो उघडून बघण्यात गेले. कुठल्या दरीच्या कडेला मी एक सायकलवाली पुसून टाकलीय. एका गल्लीतून कपडे वाळत घालणारी बाई. पुलावर बूट काढून त्यातला खडा झटकणारा म्हातारा. एकवीस माणसं मी जागच्या जागी परत ठेवली. चांगलं वाटेल म्हणून केलं, तसं काही वाटलं नाही. बाईंना कपडे वाळत घालणारीचा फोटो दिला. त्या खूश आहेत. पेशंट तिच्याकडे बघत बसतात म्हणे.

तुझ्या सासूबाई आजही म्हणतात ना, तूच त्या सकाळी काहीतरी बोलली असशील. त्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. त्यांचा मुलगा बोलायला माझ्याकडे आला होता, आणि मी त्याला हातानं बाजूला केलं. तो कुठे गेला हे मला माहीत नाही. का गेला हेही नाही. पण घरातून निघाला तेव्हा तो कायमचा निघाला होता, असं मला आता वाटत नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण तुझ्या वकिलांनी पाठवलेला कागद. सात वर्षं झाली, तेव्हा भावोजी हयात नाहीत असं कोर्टानं ठरवावं, म्हणून तू अर्ज केलायस. तुला त्यांचं मरण नकोय, वाट बघणं संपायला हवंय, एवढं मला समजतं. पण माझ्या सहीच्या जागेवर लिहिलंय की त्या सकाळी घर सोडल्यानंतर त्यांना कुणीही पाहिलेलं नाही. तो कागद सही न करता परत पाठवतोय. सोमवारच्या तारखेला मी कोर्टात येईन आणि पाहिलं ते सांगेन. त्यानं तुझं काम लांबलं तर माझ्यावर चिड, हक्कानं चिड. फक्त हे तू पहिल्यांदा कोर्टात उभी राहून ऐकू नयेस, म्हणून हा खटाटोप. सात सतराचा फोटो पाकिटात घातलेला नाही. बघायचा असेल तर कळव, घेऊन येतो. त्यात ते रागावलेले दिसत नाहीत. मी पुष्कळ मोठा करून बघितला.

तुझाच,
धाकटा