खुर्चीतलं मसुरीचं पोतं

सारागोसा, ३ फेब्रुवारी १९९६

ती. फेर्मीनमामास,
कासिल्दाचा सा. न. वि. वि.

विमानाचा परवाना हातात पडला. आता शब्द पाळ. माझ्यासाठी बांधलेला जायरो, तुझं ते माथ्यावर पाती फिरणारं एका खुर्चीचं विमान, ईस्टरच्या सुट्टीत मीच उडवणार. वजन विचारलंस म्हणून कळवते, अठ्ठावन्न किलो. पण बाईमाणसाला असं विचारतात का रे? आडवी शेपटी बसवलीस ना? इथले लोक बिनशेपटीच्या जायरोला नावं ठेवतात. आई म्हणते, मामी गेल्यापासून तू धड जेवत नाहीस.

लोभ आहेच, तो पत्रातही दिसू दे.
तुझी कासिल्दा

व्हाल्देंसिनास, १९ फेब्रुवारी

चि. कासिल्दास,
अनेक आशीर्वाद.

तू येऊ नकोस. जायरो तुळईला टांगून तोल बघायचा, तर खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. तुझी मामी बसायची, विणकाम घेऊन. यंदा पोत्यात अठ्ठावन्न किलो मसूर भरली आणि पट्टा बांधून बसवलं. सकाळी मी त्याच्याशी बोलतो, हे आईला सांगू नकोस.

दोनदा मोजलं. इंजिनाचा रेटा, सगळं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या चार बोटं वरून जातो. मागचा पंखा मोठा बसावा म्हणून इंजिन मीच वर चढवलं होतं. तुम्हा विमानवाल्यांची खोड अशी, की वाऱ्याने उचललं की दांडा पुढे लोटायचा. तसं केलंस तर माथ्यावरची पाती सैल पडतील आणि इंजिन तुला नाकावर उलटं पाडेल. मग कुणाचा हात पोचत नाही. माझा जुना जायरोही असाच आहे. तीस वर्षं मी शेपटीवाल्यांना हसलो. सवय माझ्या हाताची होती, शहाणपण मी यंत्राचं समजलो.

खुर्ची वीतभर वर घ्यायची, शेपटी लावायची. एकट्याने वर्ष जाईल. उडवायला काही नाही, तर एवढ्या लांब कशाला येतेस? तू आली नाहीस तर ईस्टरला घरात कुणी नसेल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र लिहायला दोन आठवडे लागले.

म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.
फेर्मीनमामा

सारागोसा, २ मार्च

ती. मामास,
सा. न.

राग आलाय, पण वेगळ्याच गोष्टीचा. जायरोसाठीच मी येते, असं वाटलं तुला?

आणि ऐक, हसू नकोस. माझं वजन एकसष्ट आहे. लाज वाटली म्हणून तीन किलो चोरले. म्हणजे तुझं मोजमाप चुकलं, पुन्हा टांगावं लागेल. गुरुवारी, चार एप्रिलला, संध्याकाळच्या बसने येते. मी खुर्चीत बसेन, तू मोज. पाना धरायलाही येतो मला. उडायचं पुढच्या वर्षी बघू, तेही शेपटी लागल्यावर आणि तू शिकवल्यावर. पोतं काढून ठेव.

माया कमी करू नकोस.
कासिल्दा

व्हाल्देंसिनास, ११ मार्च

चि. कासिल्दास,
आशीर्वाद.

तीन किलोंनी माणूस मरतं, पोरी. पुन्हा असं खोटं बोलू नकोस.

पत्र वाचलं आणि लगेच पोतं उतरवलं. पण रिकामी खुर्ची तिथे हलत राहते, ती बघवेना. म्हणून तू येईपर्यंत परत बसवलंय. तीन किलो मसूर वाढवून.

वाट बघणारा,
फेर्मीनमामा