मधल्या दाराच्या दोन पायऱ्या

बुधवार, तारीख अकरा, सकाळ

चिरंजीव खटपट्या यास,

आजीचा आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण फोन केला की "आजी, मीटिंगमध्ये आहे" एवढंच ऐकू येतं. त्या मीटिंगमधून माणसं उठतात कधी, ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे पत्र. मी सांगते आहे, तुझी आई लिहिते आहे. अक्षर तिचं, आगाऊपणा माझा.

आधी तुझ्या बसचं कौतुक करते. पायरी न चढता माणूस आत जातो. स्टॉपवर आली की दाराच्या बाजूने चक्क वाकते. माझ्यासमोर जन्मात कोणी वाकलं नाही, तुझे आजोबा तर नाहीच, आणि ही बारा मीटरची बया वाकते. तुझी आई विचारते, "आई, हे लिहायलाच हवं का?" लिही म्हटलं.

तू समजावलेलं माझ्या लक्षात आहे. बसचे दोन नमुने. एक शेवटपर्यंत सपाट, त्यात इंजिन मागच्या कोपऱ्यात उभं कोंबायचं, म्हणून सीटा कमी. दुसरा मधल्या दारापर्यंत सपाट आणि तिथून मागे दोन पायऱ्या, कारण इंजिन खाली. त्यात सीटा जास्त. वरच्यांना सीटा हव्या होत्या. तू दुसरा केलास आणि पायऱ्यांपाशी धरायला दांडा ठेवावा की नाही, यावर अडलास. ठेवला तर वाट अरुंद. म्हणून कारखान्यात लाकडाची खोटी बस उभी केलीस आणि चढउतार करून बघायला म्हातारी माणसं बोलावलीस. आलो तिघं. दोघे आजोबा पासष्टीचे, म्हणजे पोरंच. खरी म्हातारी मी एकटी, एक्याऐंशीची.

त्या दिवसाचं मला काही सांगायचं आहे. कारण शुक्रवारी बसच्या अपघाताच्या चौकशीत तू काय बोलणार आहेस, ते तुझ्या आईकडून कळलं. त्या दिवशी कोण कसं चढलं-उतरलं ते तू ज्यात लिहिलंस, ते रजिस्टर पुढे ठेवणार. एक्याऐंशी वर्षांची बाई आधाराशिवाय चढली, आधाराशिवाय उतरली, म्हणून तर दांडा ठेवला नाही. म्हणजे पायरीत खोट नाही. म्हणजे आपली टेलिफोनवाली त्या पायरीवरून पडली ती ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून. म्हणजे ड्रायव्हर घरी.

टेलिफोनवालीला तू खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणून लहानपणापासून ओळखतोस. चाळीस वर्षं तिने लोकांच्या लायनी जोडल्या, आता स्वतःचा खुबा जोडला जायची वाट बघत पडली आहे. ड्रायव्हरला मात्र तू ओळखत नाहीस. एकोणीस वर्षं गाडी चालवतो आहे आणि अजून म्हाताऱ्या माणसाला "सावकाश" म्हणतो.

खटपट्या, ब्रेक मारला नव्हता.

बुधवार, दुपार

इथून अक्षर बदललेलं दिसेल. तुझ्या आईने पेन खाली ठेवलं. "माझ्याच हाताने माझ्या मुलाच्या पोटावर पाय देऊ का?" म्हणाली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. कागद उचलला, बसच्या पुढच्या दाराने चढले, पुढच्याच सीटवर बसले आणि इस्पितळात आले. लिहिता येणारं आणि उठून निघून जाऊ न शकणारं माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे. टेलिफोनवाली लिहिते आहे. पाय वजनाला बांधलाय, हात मोकळे आहेत. तिला मी आधी काहीच सांगितलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल.

ती पडली त्या दिवशी मागे बसायला तीच नको म्हणत होती. मी म्हटलं, "चल गं, माझ्या नातवाच्या पायऱ्या आहेत, मी एका दमात चढलेय." उतरताना ती पुढे, मी मागे. बस स्टॉपवर उभी होती. दार उघडं, गाडी वाकलेली. हिने धरायला हात पुढे केला, तिथे काहीच नव्हतं. हवा धरून खाली गेली.

ड्रायव्हर धावत आला. स्वतःची पाण्याची बाटली हिच्या तोंडाला लावली. कोणीतरी विचारलं, काय झालं? हिला कशाची शुद्ध नव्हती. मी म्हटलं, "ब्रेक मारला मेल्याने." बाटली त्याच्या हातात असताना म्हटलं. मग जबाब घ्यायला आले तेव्हा हिनेही तेच सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवून.

पेन थांबलं आहे.

"हे लिहू?"

"लिही."

"तुझ्या शब्दांत?"

"माझ्याच. तुझ्या शब्दांत कागदावर मावायचं नाही."

हसली नाही. पेन पुन्हा कागदावर टेकवून म्हणाली, "पुढे बोल. लाईन मध्येच सोडू नकोस."

तर पुढे. तसं का म्हटलं? त्या क्षणी मला तू दिसलास, हातात रजिस्टर घेतलेला. लाकडी बसच्या आधी मी आठवडाभर जिन्यावर सराव केला होता. सकाळी गुडघ्याच्या दोन गोळ्या घेतल्या. सगळ्यांसमोर तुझी मान खाली जायला नको एवढंच डोक्यात. चढले, ते खरंच चढले. उतरताना गुडघा सुटला. तू खाली उभा होतास. मी तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, "शाब्बास रे माझ्या इंजिनियर." सगळे हसले. ती शाबासकी नव्हती, बाबा. अंगाचा सगळा भार टाकून मी तुला धरलं होतं. दांडा तू होतास. आणि तूच लिहिलंस, आधाराशिवाय.

तुझा खांदा दबला होता. तुला ते कळलं होतं का, हे मी तेव्हाही विचारलं नाही, आजही विचारत नाही. शुक्रवारी विचारणारे बसलेलेच असतील.

तुझी नोकरी जाईल की राहील, मला ठाऊक नाही. गेली तर तुझ्याजवळ डोकं आहे, हात आहेत. "बाई पाडली" असा शेरा घेऊन फिरणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी कोण देईल?

उद्या हे पत्र तुझ्या कचेरीच्या दारवानाकडे देईन. शुक्रवारी साडेदहापासून चौकशीच्या खोलीबाहेर बसलेली असेन. तू आत आधी खरं बोललास तर मी गपचूप घरी जाईन. नाही बोललास तर आत येईन.

अंगठा उठवला आहे. शेजारी टेलिफोनवालीने स्वतःची पूर्ण सही केली, तारीख घातली. मी तसं सांगितलं नव्हतं. हेही तीच लिहिते आहे, पण अजून तिने माझ्याकडे वर बघितलेलं नाही.

तुझी,
आजी