आधी यादी, मग प्रबंध

३ मार्च, सकाळी ७
प्रबंध जमा करायची मुदत ३० एप्रिल. यापुढे मुदतवाढ नाही, असं गाइडसरांनी बजावलं. काळजी नाही. फक्त लिहायचा राहिलाय. आधी संदर्भ देण्याची पद्धत ठरवते.

९ मार्च
विषय : शाळेच्या जुन्या वह्या आणि मुलांचं मन. सर इतिहासाचे, त्यांना तळटिपा आवडतात. दुसऱ्या गाइडबाई मानसशास्त्राच्या, त्यांना कंसात आडनाव आणि साल. दोघंही म्हणतात, कुठलीही घ्या, पण एकच घ्या. हल्ली ठामपणा म्हणून कुणात राहिला नाही. तळटिपा घेतल्या.

१५ मार्च
कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पुस्तकाच्या नावाखाली पट्टीने लाल रेघ मारायला लावायच्या. रेघ अक्षराला चिकटली की पान पुन्हा. किती प्रेमाने रागवायच्या! आज संदर्भयादीच्या बारा नोंदी झाल्या, रेघांसकट. सूनबाईचाही प्रबंध चाललाय, मानसशास्त्रात. म्हणाली, हे काम सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये करतं. बिचारी.

२४ मार्च
सूनबाईने वह्यांबद्दल विचारलं. तीन तास बोलले. माझा प्रबंधच तोंडी सांगून झाला म्हणा ना. तिने सगळं उतरवून घेतलं. माझं नाव नक्की देणार म्हणाली. लिहायचं काय, कधीही होईल.

२ एप्रिल
तळटिपा रद्द. कंस सुटसुटीत. तळटिपांसाठी केलेली पान क्रमांकांची कार्डं रद्दीत दिली. कपाट कसं मोकळं झालं!

११ एप्रिल
गाइडबाई म्हणाल्या, अवतरण दिलं की कंसातही पान क्रमांक लागतो. ह्यांना रद्दीवाल्याकडे पिटाळलं. हात हलवत परत आले. एक काम धड होत नाही.

१९ एप्रिल
सूनबाईची यादी तपासली. स्वल्पविरामाच्या सत्तावीस चुका. मग कंसवाल्या पद्धतीची नियमावली पहिल्या पानापासून वाचून दाखवली. उद्या तिचं सबमिशन आहे, तरी बसून ऐकलं. गुणी आहे.

३० एप्रिल
यादी पूर्ण. दोनशे चौदा नोंदी, एकही चूक नाही. प्रबंध अकरा पानं. सर बराच वेळ बघत होते. म्हणाले, "इतकी देखणी यादी मी आजवर पाहिली नाही. पण बाई, ही कशाची यादी?"
नोंदणी रद्द. इतिहासवाल्यांना कंसांची ॲलर्जी असतेच.

१२ मे
सूनबाईच्या प्रबंधाची बांधलेली प्रत आली. यादी तीनदा वाचली. माझं नाव नाही. विचारलं.
"आई, तुम्ही आहात ना, पान एकेचाळीसवर, कंसात. व्यक्तिगत संभाषण. ते यादीत येत नाही. तुम्हीच नियम वाचून दाखवलात."
नियमावली काढून पाहिली. बरोबर आहे. त्या नियमाखाली माझीच लाल रेघ आहे, पट्टीने मारलेली. कुठेही अक्षराला चिकटलेली नाही.