दोन खोल्या, सिंदी रेल्वे

प्रिय स्वरू,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. शिपायाने स्टाफरूममध्ये हातात दिलं की दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी तर इतकी ठणठणीत आहे, की त्याचाच सगळ्यांना त्रास होऊन राहिला आहे. अर्णवचा फोन तुला आलाच असेल. ताई, तूच आता आईला समजाव, असं म्हणाला असेल. समजावण्याआधी माझं ऐकून घे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या अकोल्याच्या घरी फोन स्पीकरवर असतो. तू कधी म्हणाली नाहीस, पण मला पलीकडून तुझ्या सासूबाईंचं खोकणं ऐकू येतं. मग तू विचारतेस थंडी कशी आहे, मी सांगते बरी आहे, आणि आपण फोन ठेवतो. गेले चौदा महिने आपण मायलेकी हवामानखात्यात नोकरीला असल्यासारख्या बोलतो आहोत.

तर बातमी अशी, की मी सिंदी रेल्वेला घर घेते आहे. गुरुवारी सेलूला जाऊन रजिस्ट्री. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर सही झालेली असेल, म्हणजे समजावण्याची वेळ टळली असं धरून चाल. रिटायरमेंटला अकरा महिने आहेत. ते अकरा महिने पॅसेंजरने वर्ध्याला कॉलेजात येऊन-जाऊन करीन. पुष्कळ लोक करतात, मी काही मेणाची नाही.

घरात काय झालं असेल ते तुला सांगायला नको. हरिदासकाकांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, वहिनी, लोकं म्हणतील ना, दादा गेल्यावर आम्हीच तुम्हाले काढलं म्हणून. मी म्हटलं, भाऊजी, लोकांना सांगा की वहिनी डोक्यावर पडली, तुमच्यावर आळ येणार नाही. मोहिनीकाकूचं वेगळंच. तिकडची माणसं इकडे वर्ध्याला येतात आणि तुम्ही उलट्या काऊन चालल्या, हे तिला कळतच नाही. तिच्या हिशेबाने माणसाने म्हातारपणी मोठ्या गावाकडे सरकत जायचं असतं, शेवटी नागपूरला जाऊन मरायचं.

चिरंजीवांनी तर कॉम्प्युटरवर तक्ता करून पाठवला. एका बाजूला पुणे, एका बाजूला सिंदी. हॉस्पिटल किती दूर, मॉल किती दूर, विमानतळ किती दूर. मी आयुष्यात विमानात बसले नाही, आणि आता गुडघे दुखायला लागल्यावर विमानतळ जवळ पाहिजे म्हणे. पोरगा वाईट नाही, स्वरू. त्याला खरंच वाटतं की मी त्याच्याकडे सुखात राहीन. पण मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडे दहा दिवस होते. रात्री सगळ्यांचा टीव्ही संपला की हॉलमधला सोफा उघडून माझी गादी व्हायची, आणि सकाळी दूधवाल्याच्या आधी उठून तिचा परत सोफा करायचा. दहा दिवस मजेत गेले. पुढची वीस वर्षं मी सोफा व्हायला तयार नाही.

वर्ध्यातच का नाही, असंही तू विचारशील. अगं, माझ्या फंडात रामनगरला छपरावरची पाण्याची टाकी आली असती, खालचं घर दुसऱ्या कुणीतरी घ्यावं लागलं असतं. म्हणून मी गेल्या पावसाळ्यापासून रविवार काढून हिंडले. काकूला सांगायचे भिशीला जाते. तुझी आई आणि भिशी, पण तिने विश्वास ठेवला.

आणि एक गंमत सांगते. प्रत्येक गावाला मी तुझ्या बाबांची ती मोठी बॅग घेऊन जायचे. आत दोन चादरी कोंबलेल्या, म्हणजे भरलेली दिसावी. उतरले की स्टँडवर नाहीतर पारावर तासदीड तास नुसती बसून राहायची. घरांचे भाव, पाणी, दवाखाना हे सगळं नंतर. सामान घेऊन एकटी बसलेल्या बाईला गाव पहिला प्रश्न कोणता विचारतं, ते मला आधी पाहायचं होतं. तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात लोकांचे अर्ज वाचले आहेत. अर्जात काय लिहिलंय त्यापेक्षा खिडकीशी उभं राहिल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावरून तो मला जास्त कळत आलेला आहे. गावाचंही तसंच असणार असं मी धरलं.

आंजीला गेले, तर बसल्या बसल्या एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही हरिदासभाऊच्या वहिनी ना? चहा पाजला, घरी नेलं, जेवल्याशिवाय सोडेनात. माणसं सोन्यासारखी, पण संध्याकाळी मी घरी पोचायच्या आत भाऊजींना फोन पोचला होता. आंजी तिथेच बाद. समुद्रपूर मला खरं तर आवडलं होतं. तिथलं घर सिंदीपेक्षा स्वस्त, पुढे अंगण, शेजार शिक्षकांचा. पण तिथे सगळा एसटीचा कारभार. अकोल्याकडून येणाऱ्या माणसाने आधी रेल्वेने यायचं, मग सामान सांभाळत गाड्या बदलायच्या, आणि शेवटची गाडी चुकली की स्टँडवर बसायचं. अकोल्याकडून येणाऱ्या माणसाची मला एवढी काळजी का होती, ते पुढे सांगते.

सिंदीला मी जानेवारीत उतरले. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले, बॅग पायाशी. बाजूला एक म्हातारी, डोक्यावर पदर, मांडीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. अर्धा तास ती सोलून सोलून खात होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मग म्हणाली, बाई, जेवल्या का? मी नाही म्हटलं, तर मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि सरकून घेतलं, म्हणजे माझी बॅग बाकावर मावावी. कुणाची कोण, मालक काय करतात, पोरंबाळं किती, काही नाही. तासाभराने मीच न राहवून म्हटलं, मी घर पाहायला आले आहे. त्यावर ती म्हणाली, मंग आधीच सांगाचं ना, आमच्या बाजूचं खाली हाय, ताराचंद शेठचं. तिचं नाव सुमित्राबाई. मुलाचं किराणा दुकान आहे, आणि आता ती माझी शेजारीण होणार आहे.

घर म्हणशील तर राजवाडा नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि एक कडुनिंब. स्लॅब जुना आहे, उन्हाळ्यात भट्टी होईल, कूलर लागेल. मालगाडी गेली की ताटं हलतात. हंगामात जिनिंगमधली कापसाची रुई उडून खिडकीच्या जाळीवर बसते, ती झाडूने काढावी लागते. तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल घेऊन निघतात तेव्हा, तर पाय ठेवायले जागा राहत नाई, असं सुमित्राबाईंनी आधीच बजावलं आहे. राहू दे. दोन्ही खोल्यांना वेगळा दरवाजा आहे आणि आतून कड्या आहेत, ते मी स्वतः लावून पाहिलं.

ताराचंद शेठ माणूस सरळ, पण कागद करायची वेळ आली तशी त्यांना माझी दया आली. म्हणाले, म्याडम, पोराचं नाव टाकून देऊ का संगं, पुढे बरं पडते. मी म्हटलं, माझं एकटीचं टाका. ते म्हणाले, मंग दिराचं तरी. मी म्हटलं, शेठ, दिराला घर आहे, पोराला घर आहे, राहिलं कोण? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बाईच्या एकलीच्या नावानं मी पह्यल्यांदाच देऊन राह्यलो. मी म्हटलं, मीसुद्धा पहिल्यांदाच घेते आहे.

तू म्हणशील, आई एवढी कधीपासून तोंडाची झाली. होते मी आधीपासून, पण ते तोंड मी बत्तीस वर्षं काकांच्या घरी मिटून होते. तुझ्या बाबांना मी कितीदा म्हटलं, श्रीधर, लहानशी का होईना, आपली जागा करू. ते म्हणायचे, भावाला काय वाटेल. चांगला माणूस, कुणाला वाईट वाटू नये म्हणून अख्खं आयुष्य वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काढलं. ते गेल्यावर त्यांचा फोटो लावायचा होता, तेव्हा खिळा कुठे ठोकू हे मी खाली जाऊन भाऊजींना विचारून आले. त्यांनी जागा दाखवली, स्वयंपाकघराच्या दाराआड. मी तिथेच ठोकला. नऊ वर्षं तो माणूस दाराआड आहे, दार उघडं असलं की दिसतच नाही. त्या वेळी मला राग आला नव्हता, तो आत्ता येतो आहे, आणि जास्त माझाच येतो.

आता ते चौदा महिन्यांपूर्वीचं. मला लिहायला जड जातं आहे, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. पौषात एका मंगळवारी दुपारी तू आलीस. सण नाही, सुट्टी नाही, कुणाचं लग्न नाही, आणि हातात एवढी मोठी बॅग. मी विचारलं, कशी आलीस, तर म्हणालीस, असंच. तीन दिवस तू सगळ्यांच्या पोळ्या लाटल्यास. तीन रात्री माझ्याजवळ भिंतीकडे तोंड करून झोपलीस, आणि झोपली नव्हतीस हे मला माहीत होतं. जावईबापूंचा एकदाही फोन आला नाही. मी पुढे काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. शुक्रवारी सकाळी मोहिनीकाकूने भाजी चिरता चिरता विचारलं, स्वरदाचा मुक्काम किती दिवस हाय? साधंच विचारलं. आणि मी वर आले, पाट मांडला, तुला बसवलं, कुंकू लावलं आणि तुझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं व्यवस्थित.

आपल्या लोकांनी केवढी सोय करून ठेवली आहे बघ. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरली, की तिला जा म्हणावं लागत नाही. तू ओढणी पसरलीस आणि मी तांदळाची ओंजळ टाकत असताना माझ्याकडे पाहिलंस. मग नमस्कार केलास, बॅग उचललीस आणि दुपारच्या गाडीने गेलीस. मी काकूला सांगितलं, शुक्रवार होता म्हणून भरली. वर्षभर स्वतःलाही तेच सांगितलं. खोटं आहे ते. तू चार दिवसांची पाहुणी नाहीस हे मला बॅगेवरूनच कळलं होतं, आणि मी घाबरले. ज्या घरात खिळा विचारून ठोकायचा, तिथे लेक कुणाला विचारून ठेवू? पण हे कारण झालं, माफी नाही. मी तुला घालवलं. आईने लेकीला घालवलं, आणि तेही कुंकू लावून. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तो निर्णय तुझा आहे, घाई नाही.

म्हणून हे पत्र. संसार सोडून ये, असं मी म्हणत नाही. तिथे काय चाललं आहे ते तुला माहीत, आणि काय करायचं तेही तूच ठरव. फक्त जायला जागा नाही म्हणून तिथे राहू नकोस. वर्ध्याला उतर, सिंदीची पॅसेंजर धर, स्टेशनवरून पायी दहा मिनिटं. मी कॉलेजात असले तर किल्ली सुमित्राबाईंकडे असेल. त्यांना मी बजावलं होतं, की माझी मुलगी कधीही येईल, कदाचित सामान घेऊन येईल, तिला काही विचारू नका. त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, पोरगी मायच्या घरी आली, त्यात इचाराचं काय हाय? दुसरी खोली मी रिकामी ठेवते आहे, त्यात माझी एक वस्तूही ठेवणार नाही. चार दिवस राहा, चार वर्षं राहा, एकटी ये, नाहीतर येऊच नकोस, ती तशीच राहील. अर्णव, काका, तुझे सासरचे, ज्याला जे म्हणायचं ते त्याने खुशाल येऊन माझ्या दारात म्हणावं, दार माझं आहे. आणि तू आलीस तर तांदूळ मी शिजवून ताटात वाढीन. ओटीत घालणार नाही.

उशिरा का होईना, पण तुझीच,
आई