विल्सनच्या लॅपटॉपला आशीर्वाद

उमेळे, रविवार, मे २००८

चुलतभाऊ विल्सननं एचडी कॅमेरा घेतला आणि गावातली माझी लग्नाच्या शूटिंगची कामं पळवली. वर एडिटिंगला लॅपटॉप कुठला घेऊ, हे मलाच विचारतो! मी म्हटलं, "मोठा स्क्रीन बघ. रॅम एक जीबी पुष्कळ झाली." एक जीबीवर एचडी? नवरी चर्चची पायरी चढायच्या आत मशीन हँग होईल. सांगून टाकू का? रॅम अजून वाढवता येईल. पण का सांगू?

मी सांगितला तसाच लॅपटॉप आला, म्हणून आज त्यानं फादरांना घरी बोलावलं. लॅपटॉपवर पवित्र पाणी शिंपडून ते म्हणाले, "प्रभू, ह्या यंत्राला बळ दे."

विल्सन माझ्याकडे बघून हसला. "दादा, तुझ्यामुळे झालं."

एक जीबी.

सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' मीच म्हटलं.