नळकांडं एकतीस

नगर, ता. १२ नोव्हेंबर १९४६

ती. केशरआक्कास सहादेवचे शि. सा. न. वि. वि.

नोकरी लागली, पण कानांवर बेतलीय. आमच्या प्रोफेसरसाहेबांची माणसं उन्हाळ्यात खेडोपाडी हिंडली आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मेणाच्या नळकांड्यांवर भरून घेऊन आली. मी ती फोनोग्राफच्या यंत्रावर लावून ऐकतो आणि वहीत उतरवतो. उतरवून झालं की मेण तासून गुळगुळीत करायचं, म्हणजे नळकांडं पुन्हा वापरता येतं.

हेडफोन दोन आहेत. एक हलका, रबरी बोंडांचा. दुसरा लष्कराच्या लिलावातला, कढईएवढा जड. तासाभरात कान लालबुंद होतात. साहेब म्हणाले, सोसेल तो घे. लहानपणापासून तूच माझी मास्तरीण, तूच सांग.

दाजींना नमस्कार. पत्राची वाट पाहतो.

तुझा सहादेव

कोल्हार, ता. १८ नोव्हेंबर

चि. सहादेवास अ. आ.

हलका घे, त्यात विचारायचं काय? लहानपणी टोपीसुद्धा तुझ्या डोक्याला टोचायची.

एक सांगते, हसू नकोस. पहाटे दळण संपत आलं की आईची हाक ऐकू येते. श्रावणात ती गेली तेव्हा प्रवरेला पूर होता. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. ते मनातून जात नाही. सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते, दिली तर ते सोबत नेतं. मी ओठ मिटून दळत राहते. मला फार भीती वाटते.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच.

केशर

नगर, ता. २४ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

मी जड हेडफोन घेतला. कारण वाचून घाबरू नकोस. एकतिसाव्या नळकांड्यावर आपली आई आहे. साहेबांची माणसं आपल्या गावीही गेली होती, पण आई त्याबद्दल कधी बोलली नाही.

हलक्या हेडफोनात नुसती ओवी ऐकू येते. जड हेडफोनात तिचा श्वास, बांगड्या, सगळं येतं. ओवी संपते, जातं मंदावतं आणि ती म्हणते, केशर, दळान झालं, सूप आन गं. तुझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, तरी हाक तुलाच.

कान दुखतात असं साहेबांना सांगून ते नळकांडं मी मागे ठेवलंय. दुखतात हे खोटं नाही. पण सात डिसेंबरच्या शनिवारी सगळी तासायची आहेत. तू ये.

सहादेव

कोल्हार, ता. १२ डिसेंबर

चि. सहादेवास अ. आ.

नगरहून सुखरूप पोचले. आईच्या लुगड्याच्या ज्या गाद्या मी हेडफोनला शिवल्या, त्या तशाच राहू देत, तुझे कान दुखणार नाहीत. नळकांडं साहेबांनी दिलंही असतं, पण यंत्राशिवाय ते आपल्यापाशी मुकंच राहिलं असतं. तू तासलंस त्याचा राग नाही.

हेडफोनात आईची हाक ऐकल्यावर मी मोठ्यानं आले गं म्हणाले, तेव्हा तुमच्या कचेरीतले कारकून माना वर करून बघायला लागले. मला लाज वाटली नाही. ते सासूबाईंना मात्र सांगितलेलं नाही.

तिनं मला नेलं नाही, सहादेव. पण त्या दिवसापासून हाक यायची थांबलीय. रोज दळण संपलं की हात थांबवून बसते. काल सासूबाईंनी विचारलं, पीठ भरायचं सोडून कुणाची वाट बघतेस. मी उठून सूप आणलं.

पत्र टाकत जा. आता हाक मारणारा तूच उरलास.

तुझी केशरआक्का