रेंग्याने वेचलेला मोह

खांडबारा, चैत्र, सन १९२१

सुकराम बेटा,

लढाईत लुळ्यापांगळ्या झालेल्या शिपायांसाठी पेन्शन मागितलीस, म्हणून तू तुरुंगात. तुरुंगाचा साहेब म्हणाला, "पोराला माफी मागायला लिही, लगेच सोडतो." म्हणून लिहायला बसलो. पोटभर जेवतोस ना? स्टेशनात गाडी थांबली की मी अजून दाराशी येतो.

एवढ्यात रेंग्या आला. बसऱ्याच्या लढाईत त्याचा एक हात गेला, तरी उरलेल्या हाताने आपल्या झाडाखालची मोहाची फुलं वेचून त्याने टोपली भरली. मी नको म्हणालो, तर हसला.

"बाबा, तुमची कंबर वाकते, पण परत उठत नाही. सुकराम येईपर्यंत मीच वेचणार."

तू माफी मागितलीस तरी तो येईल. मलाच त्याच्याकडे बघवणार नाही.

हा कागद टपालात टाकत नाही. पण लवकर ये रे.

दाराशी उभा असलेला,
तुझा बाबा